टेपचं दुसरं टोक

इथे भुताखेतांचे अनुभव लिहिणारा प्रत्येकजण पहिल्याच वाक्यात शपथेवर सांगतो की त्याचा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. गेली कित्येक वर्षं मी असे अनुभव वाचत आलेय आणि त्या वाक्याला हसत आलेय. आता माझीच पाळी आली आहे, तर शपथ नको, नुसता व्यवसाय सांगते. मी जुन्या इमारतींची मोजणी करते. भिंत किती जाड आहे, छत किती वाकलंय, जिन्याच्या पायऱ्या किती. जे मोजता येत नाही ते माझ्या ड्रॉइंगमध्ये येत नाही. घरच्या देवघराची उंचीसुद्धा मी नमस्कार करायच्या आधी मोजली होती.

मी मूळची पुण्याची, आता आयर्लंडमध्ये गॉलवेला असते. जुन्या वास्तूंचं काम करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात नोकरी आहे. आम्ही पाच माणसं, त्यात दोन मराठी : मी आणि मंजिरी. मंजिरी आणि मी कॉलेजात एका वर्गात आणि हॉस्टेलला एका खोलीत होतो. एकूण अठरा वर्षांची ओळख. या ऑफिसात तिला मीच आणलं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे सांगताना माझा आवाज चढेल.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये आमच्याकडे एक घर आलं. गॉलवेच्या सॉल्टहिल या भागातल्या चढावर, समुद्राकडे पाठ करून उभं असलेलं राखाडी दगडाचं दुमजली घर. पूर्वी तिथे कॉलेजात शिकणाऱ्या मुलींचं वसतिगृह होतं, नंतर बरीच वर्षं ते बंद पडून होतं. ते घर अमेरिकेतल्या एका विद्यार्थी-बंधुमंडळाच्या माजी सदस्यांनी घेतलं. तिकडे कॉलेजातल्या पोरांची अशी मंडळं असतात. प्रत्येक मंडळाचं स्वतःचं मोठं घर, दारावर तीन ग्रीक अक्षरं, आणि आत जायला पांढऱ्या खांबांची देवडी. त्यांची मुलं एका सत्रासाठी गॉलवेला शिकायला यायची, त्यांनाही तसंच घर हवं होतं. पहिल्या मीटिंगला तीन गृहस्थ आले होते, तिघांच्या कोटाला तीच तीन अक्षरं. ग्रीक एकालाही येत नव्हतं. आयर्लंडमध्ये पांढरा खांब दोन हिवाळ्यांत हिरवा होतो, हे आमचे साहेब डेक्लन यांनी त्यांना फार प्रेमाने समजावून सांगितलं. ते तिघे म्हणाले, ठीक आहे, मग दर वर्षी रंगवू.

खांबांचं आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण त्यांना एक मोठा दिवाणखानाही हवा होता, आणि त्यासाठी घराची मागची बाजू पाडायची होती. या मागच्या बाजूला एक लांब बोळ आणि त्याच्या एका अंगाला अकरा चिमुकल्या खोल्या. प्रत्येक खोलीत एक खिडकी, खिडकीत बसायला दगडी कट्टा, आणि कट्ट्याच्या कडेला नखाने, पिनेने, कशाकशाने कोरलेली आद्याक्षरं. घर सोडून शिकायला आलेल्या पहिल्या मुली इथे राहत होत्या. आम्ही दोघींनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मंजिरी एका कट्ट्यावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "केतके, ही आपली एकशे बारा नंबरची खोली आहे बघ. फक्त ढेकूण नाहीत."

"आणि मेसचा वास नाही."

"हे पाडू द्यायचं नाही हं आपण. वचन दे."

मी वचन दिलं. मागितलं तिने होतं, हे लक्षात असू द्या.

नियम साधा होता. मागची बाजू मूळ घराबरोबरच बांधलेली असेल तर तिला हात लावता येणार नव्हता. नंतर जोडलेली असेल तर पाडायला वाट मोकळी. आणि हे ठरणार होतं मागच्या भिंतीच्या जाडीवरून. मूळ घराची भिंत दगडी आणि जाडजूड, मागाहून जोडलेल्या भागांना बहुतेक पातळ विटेची भिंत असते. पण दोन्हीकडे गिलावा असल्यामुळे नुसतं बघून कळत नव्हतं. बाहेरून रुंदी मोजायची, मग आतून प्रत्येक खोलीत मोजायची, आणि बाहेरच्यातून आतली वजा करायची. उरते ती भिंत.

लेझरचं यंत्र आमच्याकडे आहे, पण लेझरला बंद दारातून दिसत नाही, आणि त्या अकरा दारांना जुन्या जबर स्प्रिंगा होत्या. दार सोडलं की धाडकन मिटायचं. त्यामुळे जुनी पद्धत... स्टीलची टेप दाराखालच्या फटीतून आत सरकवायची. एकीने आत खिडकीच्या भिंतीला शून्य टेकवून धरायचं, दुसरीने बोळात समोरच्या भिंतीशी आकडा वाचायचा. खोल्यांना आतून एकमेकींत उघडणारी छोटी दारंही होती, वसतिगृहाच्या बाईंना रात्री फेरी मारता यावी म्हणून असणार. म्हणजे आतली बाई आतल्या आत पुढच्या खोलीत जाणार, मी बोळातून पुढे सरकणार. एकमेकींना दिसायची गरजच नव्हती.

आणि आमची एक खूण होती. कॉलेजात असताना संगम माहुलीच्या देवळाची मोजणी करायला गेलो होतो, तिथे घंटांच्या आवाजात हाका ऐकू येईनात. तेव्हा ठरवलं : टेपला दोन हिसके म्हणजे "धरलंय, वाच". एक हिसका म्हणजे "चुकलीस, परत वाच". ही दुसरी खूण खास माझ्यासाठी होती, कारण मी आकडे उलटे वाचते. चोवीसचे बेचाळीस करते. मंजिरी ते नेहमी पकडायची, मी वाचलेला आकडा ऐकूनच तिला शंका यायची.

त्या दिवशी दुपारी जेवण करून दोनच्या सुमाराला आम्ही सुरुवात केली. बाहेर लख्ख ऊन होतं. घरात आमच्याखेरीज किल्ल्या सांभाळणाऱ्या नोराबाई तेवढ्या होत्या, खाली स्वयंपाकघरात रेडिओ लावून. वय पंचाहत्तरच्या पुढे, गुडघे गेलेले. तीन वर्षांत वर चढलेच नाही, असं त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. खालच्या दालनात वसतिगृहाचा जुना लाकडी फळा अजून होता. अकरा खोल्यांचे अकरा आकडे, आणि प्रत्येकापुढे पितळी पट्टी. मुलगी घरात असली की पट्टी "इन"कडे, बाहेर गेली की "आऊट"कडे. रंगाच्या थरांनी बहुतेक पट्ट्या जाम झाल्या होत्या. एक आणि दोन नंबरच्या तेवढ्या हलत होत्या. गंमत म्हणून मंजिरीने तिथे आमच्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि दोघींना "इन" केलं. "आऊट"कडे अडकलेली नऊ नंबरची मी स्क्रू-ड्रायव्हर लावून बघितली होती. ढिम्म हलली नाही.

मंजिरी पहिल्या खोलीत गेली, दार मिटलं. मी फटीतून टेप आत सारली. टोक आत ओढलं गेलं, टेप ताणली, दोन हिसके. आकडा लिहिला. टेप सुटली, मी गुंडाळली, पुढच्या दाराशी गेले. पुन्हा तेच.

चौथ्या खोलीशी मी मोठ्याने वाचलं, "चार हजार तीनशे वीस."

एक हिसका.

परत वाचलं. चार हजार दोनशे तीस होतं.

"वा मंजे! जिवंत आहे म्हणायची तुझी नजर अजून!" मी ओरडले. उत्तर म्हणून दोन हिसके आले. खरं सांगते, तेव्हा मला भरून आलं. परक्या देशात, बंद दाराआडून, माझी चूक माझ्याइतकीच ओळखणारं कुणीतरी आहे... असलं काहीतरी मनात आलं. वाचताना हसू येत असेल तर हसा, मीही हसते.

बोळाला खिडक्या नव्हत्या, पण प्रत्येक दाराखालून उन्हाची पट्टी येत होती आणि त्या पट्टीत टेपचं पिवळं टोक आत ओढलं जाताना मला दिसत होतं. अकराही वेळा. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. अकराव्या खोलीनंतर मी म्हटलं, "चल, चहा." दार उघडलं तर खोली रिकामी. तिथून मागचा जिना खाली जात होता, तेव्हा ती पुढे गेली असणार असं मी धरून चालले.

खाली आले तर फळ्यावर मंजिरीची पट्टी "आऊट". आणि नऊ नंबरची "इन".

मी नऊला बोट लावून पाहिलं. घट्ट. तेवढ्यात मंजिरी फाटकातून आली, हातात कॉफीचे दोन पेले. "सॉरी गं, कॉफी आणायला गेले होते. झालं ना सगळं?"

"झालं. ही नऊची पट्टी कशी काय हलवलीस?"

"कुठली?" असं म्हणून तिने फॉर्म पुढे ओढला. मोजणीच्या फॉर्मवर दोघींच्या सह्या लागतात, वाचणारीची आणि धरणारीची. तिने "धरणारी"च्या रकान्यात सही केली. पेन माझंच होतं.

आकडेमोड मी ऑफिसात केली. मागची भिंत अकराही ठिकाणी मूळ घराइतकीच जाड. एकाच गवंड्यांचं काम. मी तसा अहवाल लिहिला आणि मंजिरीला दाखवला. ती म्हणाली, "छान लिहिलंयस."

दहा दिवसांनी मीटिंग होती. डेक्लन, तीन अक्षरांचे तीन गृहस्थ, आम्ही दोघी. मी आकडे मांडले. गृहस्थांपैकी एकाने मंजिरीकडे पाहिलं. मंजिरीने टेबलाकडे पाहिलं आणि इंग्रजीत, अगदी शांतपणे म्हणाली, "या आकड्यांवर विसंबता येणार नाही. मी त्या वेळी तिथे नव्हतेच."

मग ती पुढे सांगू लागली.

"पहिल्या खोलीत गेले आणि लगेच आतल्या दारांतून शेवटच्या खोलीपर्यंत जाऊन मागच्या जिन्याने खाली उतरले. सव्वादोन ते चार मी या तिघांबरोबर हॉटेलात होते. सही मी केतकीवर विश्वास ठेवून केली, ती माझी चूक. पण टेपला दोन माणसं लागतात, आणि दुसरं माणूस तिथे नव्हतं." तिघांनीही मान हलवली. एकाने फोनवरचा फोटोही दाखवला. टेबलावर आमच्या घराचा नवा आराखडा पसरलेला, मागची बाजू गायब, समोर पांढरे खांब आणि मंजिरीच्या हातात पेन्सिल. वेळ दुपारचे दोन चाळीस. नव्या कामाची मुख्य आर्किटेक्ट म्हणून ते तिला घेणार होते. सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून.

डेक्लन माझ्याकडे वळले. "मग टेप कुणी धरली होती?"

तुम्हाला वाटेल की या प्रश्नाने मला भीती वाटली. नाही. मला पहिल्यांदा फक्त एवढंच सुचलं, की दोन चाळीसला मी चौथ्या खोलीपाशी होते. "वा मंजे" म्हणून ओरडत होते.

मी म्हणाले, "माहीत नाही." खोटे आकडे लिहिणाऱ्या माणसाकडे बघतात तसं सगळे माझ्याकडे बघत होते. मंजिरीही. तिला मनापासून वाटत होतं की मी आकडे घरी बसून रचले. अठरा वर्षांत तिने मला एवढंच ओळखलं होतं.

डेक्लन भले आहेत, पण भलेपणाच्या आधी ते मोजणारे आहेत. दोन दिवसांनी ते स्वतः गेले, अकराही दारांना दगडाची उटी लावून ती उघडी ठेवली, आणि लेझरने सगळं पुन्हा मोजलं. माझा कागद त्यांनी मुद्दाम बरोबर नेला नव्हता. परत आल्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवले. अकरा आकडे. कुठेही दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नाही. चौथा : चार हजार दोनशे तीस.

मागची बाजू वाचली. त्या गृहस्थांनी दुसऱ्या गावी दुसरं घर घेतलं. तिथे खांब लागले आहेत आणि हिरवेही झाले आहेत, मी जाऊन बघून आले. क्षुद्रपणा आहे, कबूल.

मंजिरी त्यांच्याकडेच गेली. जायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला होता.

"तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस, सांग ना."

"सांगून गेले असते, मंजे."

"सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस?"

"नसतं."

मग ती एकदम हॉस्टेलमधल्या आवाजात म्हणाली, "केतके, माझी पट्टी मी आऊट केली होती गं. निघताना, सवयीने. नऊची मी नाही हलवली. आईशपथ." आणि मग, "तिकडे कोण होतं?"

मी फोन ठेवला. उत्तर असतं तरी तिला दिलं नसतं.

तेव्हापासून सगळ्या शक्यता मी तपासल्या आहेत. नोराबाईंचे गुडघे, मागच्या दाराचं कुलूप, दाराखालून येणारा वारा. वारा टेप ताणून धरत नाही. आणि एका गोष्टीपाशी मी दर वेळी अडते. टेपच्या त्या टोकाशी बसलेल्याला शून्याखेरीज काही दिसत नाही. मी आकडा उलटा वाचला हे तिथून कळायला एकच मार्ग होता, मला ओळखणं.

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. फॉर्मच्या शेवटी डेक्लननी लाल शाईने "धरणारी"च्या रकान्यातली सही खोडली आहे आणि तो रकाना रिकामा ठेवून फाइल बंद केली आहे. तिकडे कोण होतं, ते मला आजही सांगता येत नाही. कोण नव्हतं, याची नोंद मात्र ऑफिसात रीतसर आहे.