गप्प बसून शिजवलेली हळद

माझा आवाज मोठा आहे असं म्हणणं म्हणजे औंढ्याच्या यात्रेला चार माणसं आली होती म्हणण्यासारखं आहे. मी कुरुंद्याच्या रानात बैलाला थांब म्हणालो, तर तिकडं शिरड शहापुरात कुणाचा तरी बैल थांबतो. यात तिळभर वाढवलेलं नाही. थांबलेला बैल मी स्वतः पाहिलाय.

या आवाजानंच मला गेल्या साली गोत्यात आणलं. आमच्याकडं हळद शिजवायला कुकर येतो. मधे पाण्याची टाकी, खाली जाळ, बाजूला चार मोठाले ड्रम. हळदीत वाफ सोडायची आणि शिजली की ड्रम उलटा करायचा. कुकरवाला माझ्या बायकोच्या माहेरचा, म्हणून तिला आक्का म्हणतो आणि मला दाजी. मी मात्र कढईतली हळद बघत वाढलेला माणूस. तासन् तास रटरटल्याशिवाय हळद शिजते हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. दर ड्रमला मी कच्ची हाय, कच्ची हाय म्हणून बोंब ठोकायचो. गेल्या साली तर ओरडून ओरडून दोन ड्रम गरजेपेक्षा जास्त वेळ शिजवायला लावले. हळदीचा पार लगदा झाला, आणि वर मी त्यालाच चार शब्द सुनावले. त्यानं जाळ विझवला, कुकर ट्रॅक्टरला जोडला आणि अर्धा ढीग तसाच टाकून निघून गेला.

यंदा हळदीचा पाला पिवळा पडायला लागला तसा मी दुसरा कुकर शोधायला निघालो. पाच जणांनी माझं तोंड बघूनच नकार दिला. सहाव्याच्या फोनची तर मी नाव सांगताच रेंज गेली. काढलेली हळद ढिगात किती दिवस ठेवणार? ती सडली की सालभराची मेहनत मातीत. शेवटी बायकोनं माहेरच्या नात्याची भीड घालून त्याच कुकरवाल्याला तयार केलं. अट एकच: दाजींचा आवाज एकदा जरी चढला, तर कुकर माघारी.

"जमंल का तुमाला?" बायकोनं विचारलं.

न जमायला काय झालं, असं मी इतक्या जोरात म्हणालो की वळचणीची कबुतरं उडाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं मला गोठ्यामागं नेलं आणि आपल्या पोत्याशेजारी दुसरं पोतं अंथरलं. तिथं ती रोज डोळे मिटून बसते हे मला माहीत होतं. माझ्या उदंड आयुष्यासाठी देवाला साकडं घालत असेल, अशी माझी खात्री होती.

"श्वास मोजते," ती म्हणाली. "एक ते धा. ध्यान हललं की पुन्हा एकपासून. तुमच्यासंग नांदायचं म्हंजी काहीतरी शिकावंच लागलं की."

पहिल्या दिवशी मी तीनपर्यंत गेलो. चौथ्या श्वासाला मोटारीचा स्टार्टर आठवला, तिथून मन वसमतच्या बाजारात गेलं, तिथं एका आडत्याशी कडाक्याचं भांडण झालं, ते मी जिंकलो आणि परत आलो तेव्हा पोत्यावरच होतो. दहापर्यंत पोचायला मला अकरा दिवस लागले. भांडणंच येऊन राहिली, मी काय करू, असं मी तिला विचारलं. तिनं सांगितलं, येऊ द्या, फक्त त्यांना बसायला पोतं देऊ नका.

महिना झाला तसा फरक पडायला लागला. झोप अशी लागायची की कोंबडा माझ्या छातीवर उभा राहून आरवला तरच मी उठायचो. भाकरी थापताना बायको गुणगुणते, हे लग्नानंतर तीस वर्षांनी कळलं. जेवणाला चव आली. माझी बोंब ऐकू येईना म्हणून गावात वेगळीच काळजी पसरली. दोघं-तिघं तर घशाचा काढा घेऊन घरी आले.

मग कुकर आला. कुकरवाल्यानं मला रामराम केला, पण ट्रॅक्टरची चावी खिशातच ठेवली.

पहिला ड्रम त्यानं उघडायला घेतला आणि ती जुनी बोंब माझ्या पायाच्या अंगठ्यातून निघाली. गुडघ्यात आली, पोटात आली, दातांपाशी येऊन धडका मारायला लागली. मी ओठ मिटले आणि मोजायला लागलो. एक. दोन. सातव्या श्वासाला नाकात एक वास शिरला. कच्च्या हळदीचा उग्रपणा गेला होता आणि खालून काहीतरी गोडसर येत होतं, उकडल्या रताळ्यासारखं. त्याच घडीला त्यानं ड्रम उलटा केला. हळद अशी शिजली होती की बघत राहावं. दुसऱ्या ड्रमला तोच वास. तिसऱ्यालाही तोच.

चौथ्या ड्रमच्या वेळी कुकरवाला लांब बांधावर उभा राहून फोनवर कुणाशी तरी वाद घालत होता. गोड वास आला. याचं बोलणं काही संपेना. आता ओरडलो तर कुकर जातो, आणि बसून राहिलो तर पुन्हा लगदा. मी उठलो, भरभर चालत गेलो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पाव्हणं, झाली."

कोण बोललं म्हणून त्यानं आधी माझ्या पाठीमागं बघितलं. मग पळत येऊन वाफ बंद केली, एक काडी घेतली आणि हळदीच्या कांडीत टोचली. काडी आरपार गेली.

"दाजी, तुमाला कसं कळलं?"

"वास आला."

"मंग इतकी सालं काहून न्हाई आला?"

"तवा तोंड उघडं होतं."

हळद भरणाऱ्या बाया अशा हसल्या की वरची वाफ वाकडी झाली. माझी बायको तर पदर तोंडात धरून ढिगावरच बसली. कुकरवाल्यानं खिशातली चावी काढून तिच्या हातात दिली. पुढच्या साली कुकर पहिला इथंच येणार, असं त्यानं तिला सांगितलं. मग एक डबा पालथा घालून मला ड्रमांपाशी बसवलं आणि सगळ्यांना बजावलं, दाजी म्हणल्याशिवाय कुणी ड्रमला हात लावायचा न्हाई.

पाचवा ड्रम भरला. वाफ सुटली. काम थांबवून सगळे माझ्याकडं बघत उभे राहिले. मी डोळे मिटले, श्वास घेतला, सोडला.

"अजून थोडं," मी हळूच म्हणालो.

उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच सगळ्यांनी माझं ऐकलं.