अर्ध्यातून खाली घेतलेली काच

मंडळी, आज लई थकलोय, तरी लिहितोय.

धाराशिवात एका नव्या इमारतीला आमी काचा बसवतोय. उद्या तिचं उद्घाटन हाय. दुपारी शेवटची काच आमी पाच जण कप्पीवरून दोरानं चौथ्या मजल्याकडं ओढत होतो. दीड क्विंटलची असंल. अर्ध्यात गेली अन् वारं सुटलं. काच झोके खायला लागली.

आमचे उस्ताद रफिकचाचा तीस वर्षं हेच काम करतात. ते म्हणाले, "खाली घ्या."

ठेकेदार ओरडला, "चाचा, उद्या पाहुणे येणार हायत! एकच तर राहिलीय."

"व्हय, पण खाली रंगारी हायत. सकाळी वारं पडल्यावर बसवू."

मलाही वाटलं, दोनच मजले राहिलेत, ओढून टाकावी. पण चाचांचं ऐकलं. काच जमिनीला टेकेपर्यंत तळहात सोलून निघाले. ठेकेदारानं तोंडाला येईल ते सुनावलं. चाचांनी दोर गुंडाळून ठेवला. मग भिंतीला टेकून बसले.

घरी आलो तर मला भाकरी मोडवंना. बायकोनं कुस्करून दिली.

काच फुटली न्हाय, कुणाला लागलं न्हाय. म्हणून आज आमी काय केलं, हे कुणाला दिसणारच न्हाय. तुमच्याही कामात असं होतं का?