डब्यांवरचा रुपेरी रंग

माले गावच्या आनंदा पेंटरनं चाळीस वर्षांत पौड रोडला किती पाट्या रंगवल्या, ते त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. जाड ब्रश रंगात बुडवायचा आणि एका दमात शब्द ओढायचा. पट्टी नाही, पेन्सिल नाही. 'पंक्चर', 'रसवंती', 'खडी-वाळू मिळेल'. अक्षरं कशी जाडजूड, जराशी तिरकी, शेवटचा काना झोकात खाली सोडलेला! पण आनंदाला या हाताची भारी लाज. "घाईचं काम त्ये," म्हणायचा. "देखणं अक्षार पट्टीनंच येतंय."

दोन वर्षांमागं भुकूमहून प्रियदर्शिनी आली. कॉम्प्युटरसाठी फॉन्ट बनवायचं तिचं काम. भूगावच्या टायरवाल्याची पाटी बघून पत्ता काढत आलेली. "काका, सगळी मुळाक्षरं मला कागदावर लिहून द्या. फॉन्टला तुमचंच नाव देऊ. चहाच्या पुड्यावर, नाटकाच्या पोस्टरवर, कुठंही उठून दिसेल." आनंदाची छाती फुगली.

झालं! गडी आठवडाभर पट्टी-पेन्सिल घेऊन बसला. एकेक अक्षर आखलं, मग आत रंग भरला. बायको, इंदूबाई, म्हणाली, "आवं, डब्यांवर लिवलंय तसं लिवा की." लग्नानंतर उरल्यासुरल्या रंगानं त्यानं तिच्या पत्र्याच्या डब्यांवर ज्वारी, तांदूळ, हरभरा असं लिहून दिलं होतं.

"गप ए! शिकल्यासवरल्या पोरीला तसलं दाखवू व्हय?" आनंदा खेकसला. आणि पोरगी कागद न्यायला यायच्या आदल्या दिवशी पठ्ठ्यानं सगळ्या डब्यांना रुपेरी रंग फासला. आता काय म्हणावं या माणसाला!

प्रियदर्शिनीनं कागद बघितले. "छान आहेत काका. पण हा तुमचा हात नाही. पाटीवर लिहिता तसं द्या ना." आनंदाला ते झोंबलं. "आमाला येतंय त्ये ह्येच," म्हणून त्यानं पाठ फिरवली. पोरगी बिचारी गेली.

त्याच वर्षी थंडीत त्याचा उजवा हात लकव्यानं गेला. रस्ता रुंद झाला, टपऱ्या हलल्या, त्याच्या पाट्या भंगारात गेल्या, नव्या दुकानांवर फ्लेक्स लागले. परवा प्रियदर्शिनीचा फोन आला. "काका, तुमच्या हातचं जुनं काही उरलंय का? चार शब्द असले तरी बाकीचं त्यावरून बसवता येईल."

आनंदा धडपडत उठला. ज्वारीचा डबा मांडीत धरून डाव्या हातानं, ब्लेडच्या टोकानं तो रुपेरी रंग खरवडू लागला. पापुद्रा सुटला, आणि त्याच्याच पाठीला चिकटून खालचा 'ज्वा'ही निघून आला. मग तांदळाचा डबा. मग हरभऱ्याचा. खाली नुसता पत्रा. म्हातारा ढसाढसा रडला.

इंदूबाईनं त्याच्या हातातलं ब्लेड काढून घेतलं.

"म्या फुसलं गं समदं," तो म्हणाला. "दोन वर्सं तुला तरी कसं कळत व्हतं, कुटं काय हाय त्ये?"

"त्ये मला न वाचताबी ठावं व्हतं," ती म्हणाली. "तुमी लिवलं व्हतं, म्हून रोज बघत व्हते."