दोन हातांवर थांबणारा बोल्ट

सन २०२३. आधार कार्डावर माझं वय सत्तर, आई सांगायची त्या हिशोबानं त्र्याहत्तर. सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या यार्डात मी भाकरीचा तुकडा हातात घेऊन उभा होतो. समोर दोन हातांवर बोल्ट नावाचं कुत्रं. शेपूट हलतंय, कान माझ्याकडं, डोळे भाकरीवर. शेजारी प्लांट मॅनेजर साहेब.

"अण्णा, हा येतोय की नाही?"

"आलाय की."

"कुठं आलाय? तो तिथं उभाय."

"मंग? हाक मारल्याव स्क्रॅपपासनं पळत आला का न्हाई?"

"आला. पण साखळी कशी अडकवणार? धरा बघू त्याला."

मी एक पाऊल पुढं टाकलं. बोल्ट एक पाऊल मागं गेला. मी थांबलो, तो थांबला. मी मागं सरलो, तो तेवढाच पुढं आला. मधे कुणी काठी धरून अंतर मोजावं तसं. साहेबांनी हेल्मेट काढून डोकं खाजवलं आणि ऑफिसात निघून गेले. डोकं मलाही खाजवायचं होतं, पण मंगल बघत होती.

मंगल म्हणजे गेटवरची सिक्युरिटी गार्ड. बोल्ट तिचाच. म्हणजे कंपनीचा, पण तिचाच. लाकडी पॅलेटच्या थप्पीखाली तिला ते पिल्लू सापडलं होतं. डब्यातलं दूध-चपाती घालून तिनं जगवलं, मोठं झाल्यावर गळ्यात पट्टाही घातला. कंपनी मोटारीचे पार्ट बनवते म्हणून नाव बोल्ट. कुत्रं हुशार होतं. परका माणूस कंपाउंडला नुसता टेकला तरी भुंकायचं. खोड एकच. माल न्यायला-आणायला कंटेनर रिव्हर्स यायला लागला की हे चाकामागं पळायचं. एकदा ड्रायव्हरनं इतक्या जोरात ब्रेक मारला की आतला माल मागच्या दारावर आदळून खोकी फुटली. तेव्हापासून साहेबांचा हुकूम होता, गाडी आत यायच्या आधी कुत्र्याला बोलवायचं आणि बांधायचं. आणि हे नेमकं सापडायचं नाही.

मी मूळचा तिसगावचा. शाळा तिसरीपर्यंत. घरची शेती, पण माझं आयुष्य गेलं मेंढरं आणि कुत्री यांच्यात. राखणीचं कुत्रं हाकेला लावावं तर मीच, असं आमच्याकडं म्हणायचे. हाकेला लावणं म्हणजे कुत्रं कुठंही असो, कशातही गुंतलेलं असो, एका हाकेत त्यानं मागं फिरायचं. बाजाराच्या दिवशी लोक पिल्लं काखेत घेऊन मला शोधत यायचे. पुढं गुडघे गेले, मेंढरं विकली आणि पोराकडं सुप्याला आलो. पोरानं कॅन्टीनमध्ये कधीतरी बापाची फुशारकी मारली, ती मंगलनं ऐकली आणि साहेबांच्या कानावर घातली. असा मी कामाला लागलो. कंपनीच्या कागदावर मी हाऊसकीपिंग. आयुष्यात झाडू धरला नाही, तरी हाऊसकीपिंग.

पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले होते, "सोमवारी पुण्याहून मोठे साहेब सेफ्टी राउंडला येणार आहेत. तोपर्यंत हा हाकेला येऊन बांधला गेला पाहिजे. नाही जमलं तर टेम्पोत घालून लांब सोडून द्यावा लागेल. माझा नाइलाज आहे."

लांब सोडणं म्हणजे काय ते मंगललाही माहीत होतं आणि मलाही. परक्या गावात सोडलेल्या कुत्र्याला तिथली कुत्री जगू देत नाहीत.

मी म्हटलं, "सायेब, दोन दिसात लावतो."

माझी रीत सांगतो. कुत्र्याला उपाशी मारायचं नाही, पण फुकट खायला द्यायचं नाही. हाक एकच, "यूऽऽ". एकदाच मारायची. दहादा हाक मारणाऱ्या माणसाकडं कुत्रं दहाव्या हाकेला येतं. आलं की लगेच तुकडा टाकायचा. सुरुवातीला गळ्यात लांब कासरा ठेवायचा, म्हणजे बैलाचा दोर. नाही आलं तर कासरा हलकासा ओढायचा. एवढंच. यात जादू नाही.

दोन दिवसांत बोल्ट हाकेला लागला. कॅन्टीनच्या मागून, स्क्रॅपच्या ढिगावरून, एकदा तर मांजरामागं लागलेला असताना हाक मारली आणि तो गर्रकन वळून आला. यार्डातली पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी मिशीवरून हात फिरवला.

आणि तो दोन हातांवर थांबला.

इथून माझं डोकं चालेना. कासरा लावला की ओढल्यावर पायापाशी यायचा. कासरा सोडला की पुन्हा दोन हातांवर. मला वाटलं, हातातल्या काठीला भितो. काठी गेटच्या केबिनमध्ये ठेवली. तसाच. मला वाटलं, तंबाखूचा वास नको असेल. तंबाखू सोडली, एक अख्खा दिवस. माझंच डोकं दुखलं, बोल्टला फरक नाही. भाकरीच्या जागी कॅन्टीनमधलं उकडलेलं अंडं आणलं. अंड्यासाठी तो आणखी जोरात पळत आला आणि त्याच जागी थांबला.

शेवटी मी मंगलवर उखडलो. "खरं सांग, याला कुनी मारलंय का? मार खाल्लेलं कुत्रंच असं लांब थांबतं."

"अवो अण्णा, मारायला त्यो हातात तर घावाया पायजे ना!"

"तुज्याजवळ बी येत न्हाई?"

"मी डबा खाताना येतो. तुमी सांगितलं, आता कुनी खायला घालायचं न्हाई, म्हनून मी बंद केलं."

ते बरोबरच होतं. शिकवताना एकाच माणसानं चारायचं, हा नियम माझाच. मी पुढं काही विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं, पण गडी माणसानं किती विचारावं.

साहेबांनी मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्यातरी परदेशातलं कुत्रं धावत येऊन मालकाच्या मांडीत डोकं खुपसत होतं.

"असं झालं पाहिजे, अण्णा."

"सायेब, त्ये घरातलं कुत्रं हाय. पलंगाव झोपनारं. ह्ये राखनीचं हाय. राखनीचं कुत्रं मांडीत येत नसतं."

"मग माझ्या यार्डातही राहत नसतं," साहेब म्हणाले. शांतपणे म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

शुक्रवारी तालीम ठरली. कंटेनर खरा, ड्रायव्हर खरा. यार्डात पिवळा पट्टा मारलेला आहे. पट्ट्याच्या पलीकडं गाड्या, अलीकडं माणसं. मी पट्ट्याच्या अलीकडं उभा. मंगल साखळी घेऊन माझ्यामागं. साहेब ऑफिसच्या दारात. कंटेनर पीप पीप करत मागं यायला लागला. बोल्ट उठला, चाकाकडं निघाला. मी हाक मारली.

"यूऽऽ!"

चाक सोडून तो वळला आणि माझ्याकडं आला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. आणि दोन हातांवर थांबला. ते दोन हात पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडं पडत होते. तोंड माझ्याकडं, पाठ कंटेनरकडं. शेपूट हलवत उभा.

मी त्याला धरायला पुढं झालो. तो मागं सरला. आणखी एक पाऊल टाकलं. तो आणखी मागं. मागून चाक येत होतं आणि मीच त्याला पावलापावलानं चाकाकडं ढकलत होतो. तो भुंकला नाही, पळाला नाही. मी शिकवल्याप्रमाणे माझ्या हाताकडं बघत राहिला. मी "हाड! हाड!" ओरडलो. त्याला कळेना. यू म्हणणारा माणूस हाड का म्हणतोय? मान वाकडी करून तो बघायला लागला.

मंगल माझ्या बाजूनं धावली आणि कंटेनरच्या पत्र्यावर साखळी मारायला लागली. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. चाक आणि बोल्टची शेपटी यात वीतभर जागा राहिली असेल.

ड्रायव्हर खाली उतरून आम्हाला सगळ्यांना एकाच शिवीत मोजून परत चढला. साहेब जवळ आले. "अण्णा, सोमवारी सकाळी मोठे साहेब यायच्या आधी मला एकदा दाखवा. नाही जमलं तर टेम्पो सांगून ठेवतो."

मंगल साखळी गुंडाळत होती. ती एवढंच म्हणाली, "अण्णा, त्यो आला हुता की वो. तुमच्या हाकंला आला म्हनून मरत हुता."

हे वाक्य घेऊन मी घरी गेलो. कुत्रं हाकेला न आल्यानं मरतं हे मी पाहिलं होतं. हाकेला आल्यानं मरतं हे नवीन होतं.

दिवेलागणीला ओट्यावर जेवायला बसलो. घास जात नव्हता. गल्लीतलं एक लंगडं कुत्रं रोज त्या वेळेला येतं. आमच्या म्हातारीनं, म्हणजे बायकोनं, भाकरीचा काठ मोडला आणि त्याच्याकडं फेकला. त्यानं तो खाल्ला आणि परत त्याच जागी उभं राहिलं. दोन हातांवर. मी बघतच राहिलो.

"अगं, त्येला जवळ बोलीव."

"कशापायी?"

"हातानं चार."

म्हातारीनं माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मला ताप चढलाय. "कुत्र्याला कुनी हातानं चारतं व्हय? बैल हाय का त्यो?"

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्यात पोळ्याला बैलाला पुरणपोळी हातानं चारतात. गाईला घास हातानं देतात. कुत्र्याला मात्र टाकायचं. माझ्या बापानं टाकलं, मी टाकलं. शिवलं तर हात धुवायचा. मेंढरामागच्या कुत्र्याला तेच बरं असतं. ते पायात घुटमळलं तर मेंढरं कोण बघणार? म्हणून मी आयुष्यभर तुकडा टाकला, तो दोन हातांवर पडला, आणि प्रत्येक कुत्रं तिथं येऊन थांबलं. मला ते आलेलंच वाटायचं. बोल्टच्या लेखी हाकेचा अर्थ 'अण्णाकडं ये' असा नव्हताच. 'तुकडा पडतो तिथं ये' असा होता. तो अगदी बरोबर येत होता.

निदान मला तसं वाटलं. खात्री नव्हती. मंगल चारायची, तेही मला आता आठवलं. ती मांडीवरच्या डब्यातून हातानं चारायची, म्हणून तिच्याजवळ तो यायचा.

शनिवारी यार्डात मी खाली जमिनीवर बसलो. गुडघ्यांनी नाही म्हटलं, तरी बसलो. हातावर भाकरी ठेवली आणि "यूऽऽ" केलं. बोल्ट आला, दोन हातांवर थांबला. मी टाकलं नाही. तो भाकरीकडं बघायचा, मग जमिनीकडं, मग माझ्या तोंडाकडं. गोंधळला होता बिचारा. मीही त्याच्याहून कमी गोंधळलेला नव्हतो.

केबिनमधून मंगल ओरडली, "अण्णा, पंगतीला बसलाय का? वाढू का काही?"

"तू गप गं! तिकडं बघ!"

ती तिकडं बघायला लागली, मीही मान फिरवली. कुत्र्याच्या डोळ्यात डोळा घालून बसलं तर ते पुढं येत नाही, हे मला पूर्वीपासून ठाऊक होतं. बराच वेळ गेला. मग हाताला काहीतरी ओलं लागलं.

मला वाटलं होतं कुत्र्याची जीभ बैलासारखी खरखरीत असेल. मऊ निघाली. सत्तरीपर्यंत कुत्र्यांत राहिलो आणि हे मला माहीत नव्हतं. मी लगेच हात धुवायला नळावर गेलो नाही. दुसरा तुकडा घेतला.

रविवारी दिवसभर तेच केलं. आधी बसून, मग ओणवं होऊन, मग उभं राहून. तुकडा माझ्या गुडघ्याला टेकवूनच द्यायचा. मधेच मंगलनं हळूच त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला हात लावायचा, सोडायचा, पुन्हा तुकडा. दोनदा तो बिचकून परत दोन हातांवर गेला. संध्याकाळपर्यंत तो डोकं माझ्या गुडघ्यावर दाबून उभा राहायला लागला, व्हिडिओतल्यासारखं. साहेबांना हे मी सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी आधी साहेबांसमोर झालं, मग मोठे साहेब आल्यावर. कंटेनर पीप पीप करत मागं आला, बोल्ट चाकाकडं निघाला, मी एकदाच हाक मारली. तो वळला, पिवळा पट्टा ओलांडला आणि थेट गुडघ्याशी आला. मंगलनं साखळी अडकवली. पहिल्यांदा कडी निसटली, दुसऱ्यांदा बसली. मोठ्या साहेबांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. ते आग विझवायच्या लाल नळकांड्याची तारीख वाचत होते.

टेम्पो रद्द झाला. प्लांट मॅनेजर साहेब जाताना म्हणाले, "अण्णा, मग आधी काय अडत होतं?"

"कुत्र्याचं काय अडत नव्हतं, सायेब."

माझी रीत चुकली असं मी म्हणणार नाही. मेंढरामागं ती बरोबरच होती. यार्डात मेंढरं नसतात, एवढंच. पण कुणाचं कुत्रं हाकेला येत नसेल तर त्याला शिव्या देण्याआधी आपला तुकडा कुठं पडतो ते बघावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं मी तिसगावला गेलो. धाकट्या भावाच्या वस्तीवर माझं शेवटचं कुत्रं आहे, काळ्या. मेंढरं विकली तेव्हा त्याला तिथं ठेवलं. आता म्हातारा झालाय, एका डोळ्यानं दिसत नाही. मी बांधावर खाली बसलो, हातावर भाकरी ठेवली आणि हाक मारली. काळ्या कडब्याच्या गंजीआडून उठून आला. आला आणि त्याच्या रोजच्या जागेवर, दोन हातांवर, थांबला. ऊन चढलं. तो तिथंच बसला, मी इथं. हात भरून आला तरी तो आला नाही. अजून बिचकतोय, का आता यायचाच नाही, मला काही उमगेना.

भाऊ विहिरीकडून येताना म्हणाला, "दादा, तुकडा टाक की त्येला! कवाचं बघतंय बिचारं."

"न्हाई टाकत," मी म्हटलं आणि हात तसाच धरून बसलो.