ओठ हलव, आवाज काढू नकोस

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, आमचा सगळा मुलूख धुळ्यात मोडायचा. नंदुरबारच्या बाहेर मिशनची मुलींची शाळा होती. तिच्या बोर्डिंगात मी सहा वर्षं काढली.

आम्ही पावरा. घर वर, धडगावकडच्या डोंगरात. घरात कोणी ख्रिस्ती नव्हतं, आजही नाही. बाबा खाली शहाद्याकडे, कळसाडीला एका गुजर शेतकऱ्याकडे सालदार होता. वर्षभर त्यांच्या कपाशीत आणि उसात राबायचा, होळीला तेवढा घरी यायचा. मी आठ वर्षांची असताना अशाच एका होळीत मला ताप आला आणि तो उतरेचना. बाबाने मला खांद्यावर घेतलं, मिळेल तिथे बैलगाडी धरली, प्रकाशाला तापी ओलांडली आणि मिशनच्या दवाखान्यात आणून ठेवलं. दोन महिन्यांनी मी बरी झाले तेव्हा तिथली नर्स म्हणाली, "पोरीला इथेच ठेवा. शिकेल." बाबा दवाखान्यासमोरच्या चिंचेखाली दिवसभर बसून राहिला. संध्याकाळी आत आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेला. आमच्याकडे बापाला अहोजाहो करत नाहीत, पण त्या दिवशी मला तो फार परका वाटला होता.

मला मराठीचा एक शब्द येत नव्हता. मी आधी शिकले ती गाणी. सकाळच्या उपासनेत सगळ्या मुली गायच्या, आणि मी अर्थ न कळता आवाज उचलायचे. गाणी जुनी, संथ, लांब लांब ओळींची. पुढे कधीतरी वर्गात एखादा शब्द भेटला की मला वाटायचं, अरे, हा तर माझ्या ओळखीचा!

आवाज मला आईचा मिळाला होता. आमच्याकडे या टेकडीवरून त्या टेकडीवर हाक घालायची असते. मधे दरी, नाला, झाडी. तिथे हळू बोलून चालत नाही. आईने हाक दिली की पलीकडची गुरंसुद्धा मान वर करायची. माझाही आवाज तसाच होता, उघडा, सरळ जाणारा.

गायनाच्या बाई नगरकडच्या होत्या. बारीक चणीच्या, विधवा, पायपेटी फार सुंदर वाजवायच्या. त्यांना माझा आवाज आवडायचा. "हिच्या गळ्याला दार नाही," असं हसून म्हणायच्या. त्यामुळे मुंबईहून माणसं येऊन आमच्या शाळेच्या गाण्यांची रेकॉर्ड काढणार असं ठरलं, तेव्हा बाईंनी मला बोलावलं. बारा जुनी गीतं घ्यायची होती. त्यातल्या एकाची कडवी एकटीने म्हणायची आणि धृपद सगळ्यांनी उचलायचं. "ती कडवी तू म्हणायचीस," बाई म्हणाल्या.

पाच महिने आम्ही तालीम केली. मधे होळीला घरी गेले तेव्हा बाबाला सांगितलं. त्याला रेकॉर्ड म्हणजे काय ते ठाऊक होतं, त्याच्या मालकाकडे ग्रामोफोन होता. त्याने विचारलं, "म्हणजे तू इथे नसलीस तरी ऐकू येशील?"

"हो," मी म्हटलं.

त्यानंतर त्याने कोणाकोणाला सांगितलं नसेल! मालकाला, मालकिणीला, शेजारच्या मळ्यातल्या सालदारांना. प्रकाशाच्या जत्रेला जाऊन तिथल्या ओळखीच्या माणसांनाही सांगून आला होता म्हणे.

रेकॉर्डिंगच्या दिवशी चर्चच्या खिडक्यांना बोर्डिंगातली सगळी कांबळी टांगली होती. वळचणीतली कबुतरं हाकलली होती, पायपेटीच्या पायट्याला तेल घातलं होतं. मुंबईहून दोन साहेब आले होते. दोघेही आपलेच, मराठी बोलणारे. त्यांच्यातले वयस्क होते ते कानांवर यंत्र चढवून टेबलाशी बसले. टेबलावर दोन मोठी चाकं फिरणारं मशीन होतं. त्यांना दुपारच्या गाडीने परत जायचं होतं, म्हणून सगळी घाई होती.

पहिलंच गाणं त्यांनी चौथ्या ओळीवर थांबवलं.

"मधल्या रांगेतून एक आवाज फुटतोय," ते म्हणाले.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबवलं. मग त्यांनी एकेका मुलीला एकेक ओळ म्हणायला लावली. माझी पाळी आली. मी म्हटली. त्यांनी कानावरचं यंत्र पटकन बाजूला सरकवलं आणि बाईंकडे पाहिलं.

"हिला मागे घ्या."

मी मागच्या रांगेत गेले. तरी फुटतोय. मग दाराशी. दाराला पाठ टेकली तरी फुटतोय. ते चिडले नव्हते, हेच मला अजून आठवतं. माझ्याजवळ आले आणि फार समजुतीने म्हणाले, "बाळ, जरा हळू म्हण. कानात सांगतो तसं."

मी हळू म्हणायला गेले आणि सूरच हातून गेला. आवाज घोगरा निघाला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मला हळू गाता येतच नव्हतं. कोणी कधी शिकवलं नव्हतं, आणि ते मला तिथे, चाळीस मुलींसमोर, पहिल्यांदा कळलं.

मुख्य मिससाहेब पुढच्या बाकावर बसल्या होत्या. परदेशातून आलेल्या, पण मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलायच्या. त्यांनी घड्याळात पाहिलं, साहेबांशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलल्या आणि माझ्याकडे आल्या.

"तू रांगेतच उभी राहा, मुली. तुला बाहेर काढलेलं आम्हाला आवडणार नाही. फक्त ओठ हलव, आवाज काढू नकोस. चालेल ना?"

मी बाईंकडे पाहिलं. बाई पायपेटीशी बसल्या होत्या. त्यांचे हात पट्ट्यांवर होते, मान खाली होती. त्यांनी मान वर केली नाही.

"चालेल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

कडवी माझ्या मैत्रिणीला दिली. ती दवाखान्यातल्या कंपाउंडरची मुलगी. बोर्डिंगात माझ्या शेजारी तिचं अंथरूण असायचं. आवाज मऊ, तलम. ती रडायलाच लागली. "मी नाही म्हणणार. तिची आहेत ती. मला नीट पाठही नाहीत."

"म्हण गं," मी तिला म्हटलं. "गाडीची वेळ होतेय त्यांची."

तिला खरंच पाठ नव्हती. दुसऱ्या कडव्यात अडली, मग तिसऱ्यात. कागद हातात दिला तर तो थरथरायचा आणि त्याची सळसळ मशीनमध्ये जायची. शेवटी मीच रांगेतून निघाले आणि माईकच्या पलीकडे, तिच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले. साहेबांनी हाताने खूण केली. चाकं फिरू लागली. मी ओठ हलवले, एकेक शब्द सावकाश, आणि ती माझ्या तोंडाकडे बघून गायली. एकदाही अडली नाही. गाणं संपल्यावर साहेब म्हणाले, "वा, हे उत्तम झालं." त्यांची गाडीही चुकली नाही.

सामान बैलगाडीत चढलं तेव्हा बाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. "माझ्या हातात नव्हतं गं," एवढंच म्हणाल्या. खरंच नव्हतं. त्यांची नोकरी मिससाहेबांच्या हातात, मिससाहेबांचा दिवस साहेबांच्या हातात, आणि साहेब तरी काय करणार, मशीन जे ऐकत होतं ते ऐकत होतं. वर्षअखेरीला बाई नगरला परत गेल्या. पुढे आमची भेट झाली नाही.

रेकॉर्ड यायला सहा-सात महिने लागले. कापूस निघाला होता. शाळेने पालकांना बोलावलं आणि हॉलमध्ये ग्रामोफोन मांडला. बाबा नवं धोतर नेसून आला होता. पुढच्या ओळीत, खाली सतरंजीवर, पागोटं मांडीवर घेऊन बसला. आजूबाजूला नंदुरबारची, आसपासच्या गावची माणसं होती. त्यांना कळावं म्हणून तो पावरी सोडून अहिराणीत मोठ्याने म्हणाला, "मन्ही पोरना आवाज शे यामा!"

मी त्याच्या मागे उभी होते. सांगायचं होतं. सकाळपासून ठरवत होते, तो फाटकातून आत आला तेव्हाच सांगायचं. पण तो चालत, रात्रभर कुठेकुठे थांबत आला होता आणि त्याचा चेहरा असा होता की माझ्याने झालं नाही.

ते गाणं लागलं. एकटीचा आवाज सुरू झाला. बाबाने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि आमच्या भाषेत विचारलं, "ही तू?"

माझी मैत्रीण माझ्या शेजारीच होती. पावरी तिला येत नव्हती, पण प्रश्न कळला असणार. तिने माझा हात घट्ट धरला.

"हो," मी म्हटलं. "मीच."

तो पुन्हा वळून ऐकत बसला. शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकलं. सगळे उठले तेव्हा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "आवाज फार बारीक झाला गं तुझा. इथे पोटभर देत नाहीत का?"

"देतात की."

"मग असा कसा झाला?"

खरं सांगायला गेले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. पाठीवर गोणी. भुईमुगाच्या शेंगा, गुळाची ढेप, केळ्यांचा अर्धा घड. "रोज खा," म्हणाला. मग तो दर महिन्याला येऊ लागला. मालकाकडून एक दिवसाची सुट्टी घ्यायची, गोणी आणायची, मला खाताना पाहायचं आणि उलट पावली जायचं. एकदा भर उन्हात आला तेव्हा त्याच्या टाचा फुटून रक्त येत होतं. मी त्याला म्हटलं, "बाबा, नको येत जाऊस." तो म्हणाला, "मग तू दूध पी." मी शेंगा खोलीभर वाटून टाकायचे. मैत्रीण एकही घ्यायची नाही. आमचं भांडण कधीच झालं नाही, पण हळूहळू ती दुसऱ्या भिंतीकडे अंथरूण घालू लागली.

शाळा संपली, मी शिक्षिकेचं ट्रेनिंग केलं, शहादा तालुक्यातच नोकरी लागली. पहिल्या सुट्टीला कळसाडीला गेले. आता मी मोठी झाले होते, कमावती होते. या वेळी सांगायचंच, असं मनाशी पक्कं केलं होतं.

बाबा उसाला पाणी देत होता. मला पाहून त्याने फावडं ठेवलं आणि पाण्याचं बारं धरणाऱ्या दोघा-तिघांना हाका मारल्या. "या, या. मालकाकडच्या रेकॉर्डमधली ती ही." तेव्हा मला समजलं. त्याच्या मालकाने नंदुरबारहून ती रेकॉर्ड मागवली होती. शेतकरी हिंदू, घरात देव्हारा, पण सालदाराच्या पोरीचं गाणं म्हणून आणली होती. दर आठवड्याला, बाजाराच्या दिवशी, ओट्यावर ग्रामोफोन लागायचा आणि बाबा अंगणात बसून ते एकच गाणं ऐकायचा. चार वर्षं ऐकत होता.

"म्हण," तो मला म्हणाला. "यांना खरं वाटत नाही."

"इथे? बांधावर?"

"मग कुठे?"

मी म्हटलं. कितीतरी वर्षांनी एकटीने, मोकळ्यावर, पूर्ण गळ्याने म्हटलं. ती कडवी मला अजून अक्षरन् अक्षर पाठ होती. पलीकडच्या केळीत काम करणाऱ्या बाया उभ्या राहून बघू लागल्या. मालकाचा कुत्रा भुंकायला लागला. मी शेवटच्या ओळीपर्यंत गेले.

माणसं "भारी, भारी" म्हणत पाण्याकडे वळली. बाबा तिथेच उभा होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि मला वाईट वाटू नये असंही वाटत होतं. शेवटी पायाच्या अंगठ्याने ओली माती दाबत म्हणाला, "रेकॉर्डमधला आवाज जास्त गोड होता. नाही?"

"हो," मी म्हटलं. "तो जास्त गोड होता."

तो बरं वाटल्यासारखा हसला, फावडं उचललं आणि दुसऱ्या सरीला पाणी लावायला गेला. मी संध्याकाळच्या गाडीने शहाद्याला परत आले.