आग्रहाचा शिरा

चूक माझीच. वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या साळवीबाई नुकत्याच ऑफिसात परतल्या होत्या. आमच्याकडे सगळे डबे मध्ये ठेवून एकत्र जेवतात. त्या वाटीभर मऊ खिचडी सावकाश खात होत्या. "चिमणीचं जेवण का हे?" म्हणत मी शिरा पुढे केला.

"नको हो, त्रास होतो."

"बायकोने केलाय, नाही म्हणायचं नाही!"

सगळे हसले. बाईंनी चार घास गिळले आणि त्या बेसिनकडे धावल्या.

आज त्या फायलींच्या रॅकमागे एकट्याच जेवताना दिसल्या. आग्रहाला आपण प्रेम म्हणतो, पण त्यात समोरच्याच्या पोटाचा विचार कुठे असतो? तो सगळा आपलाच मोठेपणा.

"आता काय भरवायला आलात?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, बाई. तुमचं 'नको' ऐकलं नाही, त्याची माफी मागायला आलोय."