थांबलेला पंखा

राजेराण्यांच्या आणि देवादिकांच्या त्या मालिकेत ती राणीच्या डाव्या खांद्यामागे उभी राहून पिसांचा लांब दांड्याचा पंखा हलवायची. सेटवर सगळे तिला पंखाबाई म्हणत. हे काम कुणाला सोपं वाटत असेल तर त्याने पत्र्याच्या गोदामात, डोक्यावर दिवे भाजत असताना, पापणी न हलवता उभं राहून दाखवावं. नजर खाली, चेहरा कोरा, हात मात्र चालू. नव्या दासींना ती एकच गोष्ट बजावायची, "लोकांचं लक्ष आपल्याकडे गेलं की समज, आपलं काम चुकलं." हे ती अगदी मनापासून मानायची. निदान राणीने तिच्या तोंडचा घास काढून घेईपर्यंत तरी.

राणी म्हणजे मालिकेची नायिका. तिला सगळे मॅडम म्हणत. तिने पंखाबाईकडे कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. पण तेही चालून जात होतं, कारण पंखाबाईकडे बघणारं एक माणूस घरी होतं. तिची आई. आईचे गुडघे गेले होते, डोळे मात्र शाबूत होते. मालिका लागली की ती खुर्ची टीव्हीला चिकटवायची आणि तळहात पुढे धरून पडद्यावरची राणी झाकून टाकायची. "ही बया सारखी मधे मधे करते," म्हणायची. मग उरलेल्या कोपऱ्यात लेक, तिचा पंखा आणि मागच्या खांबाजवळ पेंगणारा पहारेकरी. आईची मालिका तेवढीच.

आणि एक दिवस लेखकाने पंखाबाईला वाक्य दिलं. म्हातारा राजा कुणीतरी दिलेल्या विषाने मरतो, दालनात सगळे स्तब्ध असतात आणि मागून दासी म्हणते, "महाराज गेले. दिवे मालवा." बस, इतकंच. पण इतक्या वर्षांत पहिलंच! भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ती हेच म्हणत राहिली. आईने सराव करून घेतला. "हळू म्हण गं. मेलेल्या माणसाजवळ कुणी ओरडतं का?"

चित्रीकरणाच्या वेळी मॅडमने वाक्य ऐकलं आणि कपाळाला आठी घातली. "दिग्दर्शक साहेब, नवरा माझा मेलाय. हे दासी कशाला बोलेल? मी बोलते की." दिग्दर्शकाने मान डोलावली. मॅडमपुढे त्याची मान दुसऱ्या कुठल्या दिशेने हलतच नसे. पंखाबाईला दोन पावलं मागे सरकवलं आणि विषय संपला.

घरी हे सांगायला तिची जीभ रेटेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता भाग लागायचा दिवस उजाडला. आईने अख्खा मजला गोळा केला होता. शेजारच्या निवृत्त नर्सबाई, ज्यांना सगळे सिस्टर म्हणत, आपली खुर्ची घेऊन आल्या होत्या. राजा मेला. आईने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. आणि राणी म्हणाली, "महाराज गेले. दिवे मालवा." पडद्याच्या कडेला पंख्याची चार पिसं तेवढी दिसली.

आईने वर केलेला हात खाली घेतला. मग आईच म्हणाली, "पंखा छान हलवलास हो."

आईने चिडून बोलायला हवं होतं. ते 'छान' पंखाबाईच्या काळजात रुतून बसलं. पुढे थोड्याच दिवसांत आई गेली, आणि त्या रात्री लेकीने मनाशी पक्कं केलं की या बाईचं उट्टं काढल्याशिवाय राहायचं नाही.

पण दासीच्या हातात असतं काय? पंखा. आता गंमत ऐका. चित्रीकरण सुरू झालं की आवाजासाठी गोदामातले सगळे विजेचे पंखे बंद करतात. मॅडमच्या डोक्यावर जड टोप, अंगावर जरीचं ओझं. त्या भट्टीत तिला जी काय झुळूक मिळायची ती पंखाबाईच्या हातची. हा वारा खरा असतो हे मॅडमच्या कधी लक्षातही आलं नव्हतं. फुकट मिळणाऱ्या गोष्टी कुणाच्या लक्षात येतात?

मॅडमचं मोठं भाषण आलं. पंखाबाईने हात थांबवला. नजर खाली, चेहरा कोरा. चार वाक्यांत राणीच्या ओठांवर घामाचे थेंब उभे राहिले. पंखाबाईला वाटलं, आता रंग ओघळणार, आता फजिती होणार. झालं भलतंच. दिग्दर्शक खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागला. "काय घाम आणलात, मॅडम! मनातली भीती अशी दिसली पाहिजे!" मॅडमने पदर सावरत सांगितलं, "आतून आणावा लागतो."

पंखाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आपण तिला भाजायला निघालो आणि तिचीच आरती ओवाळली गेली! पण मॅडमही आता अडकली होती. घाम आतून येतो म्हणून बसल्यावर पंखा थांबतो अशी तक्रार करणार कोणत्या तोंडाने? तेव्हा पंखाबाईने नेम धरला. मोठं भाषण आलं की पंखा बंद. दर वेळी.

एक दिवस सिस्टर फोन नाचवत आल्या. राजेराण्यांच्या मालिकांतली दुर्लक्षित माणसं हेरणाऱ्यांचा फोनवर त्यांचा एक गट होता, 'कोपऱ्यातली माणसं' नावाचा. कुणी देवळात दिवा लावणाऱ्या म्हातारीवर जीव टाकलेला, कुणी पेंगणाऱ्या पहारेकऱ्यावर.

"अगं, तुझ्यावर नुसता गदारोळ चाललाय! राणी खोटं बोलली की तुझा पंखा थांबतो म्हणे. सगळे जुने भाग काढून बघतायत लोक. दासीला सगळं माहीत आहे, राजाला विष राणीनेच दिलंय!"

पंखाबाई बघतच राहिली. तिने कधी खऱ्याखोट्याचा विचारही केला नव्हता. मोठी भाषणं म्हणजे राणी स्वतःची बाजू मांडायची ती, आणि बाजू मांडणारं माणूस लोकांना खोटंच वाटतं. तिचा निव्वळ खुनशीपणा लोकांना अभिनय वाटला होता. ती पोट धरून हसली, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. आणि हसता हसता तिला कळलं की आपल्या हातात काय आलंय.

त्यानंतर ती नेमकं ठरवून थांबू लागली. राणीने दिराला धीर दिला, पंखा बंद. राणीने मुलाला जवळ घेतलं, पंखा हळू हळू आणि मग बंद. लोकांनी राणीला पुरती धुऊन काढली. रस्त्यात मॅडमला बायका विचारू लागल्या, "का गं मारलंस म्हाताऱ्याला?" लेखकाने तर खुनी कोण हे अजून ठरवलंच नव्हतं. त्याने देवळातला शपथेचा प्रसंग लिहिला आणि सांगून टाकलं, तो भाग बघून लोक म्हणतील ते खरं. लोकांनी राणीला निर्दोष मानलं तर ती राहील, नाहीतर तिला देहदंड.

त्या सकाळी मॅडम स्वतः दासींच्या खोलीत आली. बाकड्यावर टेकली, तेही पंखाबाईच्या शेजारी.

"ताई, एक काम होतं. आज पंखा चालू ठेवा ना. शेवटपर्यंत."

पंखाबाई पिसं झाडत राहिली.

"मी गेले तर तुम्हीही जाल," मॅडम हलकेच म्हणाली. "राणीच नसेल तर वारा कुणाला घालाल?"

हे पंखाबाईला ठाऊक होतं. या वयात दुसऱ्या मालिकेत कुणी उभं करणार नाही, हेही ठाऊक होतं. तिने पंखा मांडीवर ठेवला.

"मॅडम, राजा मेला तेव्हाचं माझं वाक्य आठवतं तुम्हाला?"

"तुमचं वाक्य?" मॅडमला खरोखरच काही आठवत नव्हतं. "कुठलं हो?"

इथे ती नुसती चुकले म्हणाली असती तरी पुढचं कदाचित वेगळं घडलं असतं. पंखाबाई म्हणाली, "काही नाही. चला, दिवे लागले."

लाकडी भुशाच्या देवासमोर राणीने हात जोडले. "देवाशपथ, महाराजांच्या मृत्यूत माझा हात नाही." पंखा चालू होता. मॅडमचे खांदे सैल झाले. आवाजात खरंच गहिवर आला, तिने आयुष्यात इतकं सुंदर काम केलं नव्हतं. "मी त्यांच्यावर प्रेम केलं," ती म्हणाली, आणि पंखाबाईने हात थांबवला. मग पहिल्यांदाच नजर वर उचलून सरळ कॅमेऱ्यात बघितलं. दिग्दर्शकाने कॅमेरा थांबवला नाही. त्यालाही आता लोकांना काय हवंय ते कळत होतं.

भाग लागला त्या दिवशी तिला काम नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नसणार होतं, राणीच उरणार नव्हती. सगळा मजला तिच्या खोलीत जमला, आईची खुर्ची मात्र रिकामी ठेवली होती. पंखा थांबला तसा एकच गलका झाला. पंखाबाईने तळहात पुढे धरून पडद्यावरची राणी झाकली आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या बाईकडे बघत राहिली. तिला वाईट वाटलं का? मुळीच नाही. गोड वाटलं, अगदी पोटभर.

गलका ओसरल्यावर सिस्टर त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हळूच म्हणाल्या, "पंखा छान थांबवलास हो."

तेव्हा मात्र तिचा हात खाली आला, आणि ती रडायला लागली.